राष्ट्रपतींना नोटीस आली का?

फळ्याशेजारच्या खिळ्याला मी चित्र अडकवलं आणि पुढच्या रांगेतला मुलगा ओरडला, “मॅडम, मंगल कार्यालय!”

वर्गाला ते लगेच पटलं. खांब होते, घुमट होता, समोर शेकडो गाड्या लागतील एवढं पटांगण होतं. धुळ्याच्या रस्त्याला अशी कार्यालयं अलीकडे बरीच झाली आहेत आणि ही मुलं तिथे कोणाकोणाच्या लग्नात जेवून आलेली होती. “लगीन कोनं शे?” मागून एकानं विचारलं. “तुनं!” दुसरा म्हणाला. सगळे खिदळले.

“हे राष्ट्रपती भवन आहे,” मी म्हणाले. “दिल्लीला आहे. आपल्या देशाचे राष्ट्रपती इथे राहतात.”

धुळे आणि चाळीसगावच्या मधल्या एका गावातली ही जिल्हा परिषदेची शाळा. पहिली-दुसरी एकत्र, सतरंजीवर. मी तिथे काही महिन्यांच्या प्रशिक्षणावर होते. म्हणजे शिकवायचे, पण शिक्षिका नव्हते. जानेवारीत राष्ट्रीय प्रतीकं शिकवायची होती. तिरंगा, मोर, वाघ, कमळ झालं होतं. वाघ सगळ्यांना आवडला होता. राष्ट्रपती भवनासाठी मुख्याध्यापकांनी मला पाच ओळी दिल्या होत्या. राष्ट्रपती भवन दिल्लीत आहे. तेथे आपले राष्ट्रपती राहतात. त्यात तीनशे चाळीस खोल्या आहेत. ते आपल्या देशाची शान आहे. ते आपल्या सर्वांचे आहे. प्रजासत्ताक दिनाला एका मुलानं किंवा मुलीनं उभं राहून या पाच ओळी म्हणायच्या होत्या.

खोल्यांचा आकडा वर्गानं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. मग एकीनं विचारलं, “तठे झाडस कोन?” आणि दुसऱ्यानं, राष्ट्रपती रोज कोणत्या खोलीत झोपतात ते त्यांना ध्यानात कसं राहतं. मला हे प्रश्न आवडले. पाच ओळींमध्ये यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं.

मग खिडकीजवळची मुलगी उठली. दुसरीतली, बोलायला कमी, पाढ्यांमध्ये पक्की. गावाच्या बाहेर गायरानावर जी भिल्ल वस्ती आहे, जिला गावात सगळे भिलाटी म्हणतात, तिथून ती येत असे.

“मॅडम, ते घर त्यासना नावावर शे का?”

“नाही,” मी म्हणाले. “कोणाच्याच नावावर नाही. ते देशाचं आहे. सरकारी आहे.”

“सरकारी जागावर शे?”

“हो.”

तिनं चित्राकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत, एखाद्या आजारी माणसाकडे पाहावं तसं. “मंग त्यासले नोटीस उनी का?”

पोरं फुटली. “येडी! राष्ट्रपतीले कोन नोटीस दी?”

“तलाठी दी. आम्हले नही दिन्ही?”

“तलाठीले तठे फाटकमा तरी घुसू देतीन का?” हे बोलणारा ट्रॅक्टरवाल्या घरातला होता, फाटकं कोणासाठी उघडतात हे त्याला माहीत होतं.

मुलगी हसली नाही आणि रडलीही नाही. तिला माझं उत्तर हवं होतं. मी म्हणाले, “नाही, त्यांना नोटीस येत नाही.” तिनं पुढचा प्रश्न विचारला नाही. पण मला तो ऐकू आला, आणि तो दिवसभर माझ्या कानात राहिला.

भिलाटीला नोटिसा दिवाळीनंतर लागल्या होत्या. गायरानावर सौर पॅनल बसवायचे ठरले होते. पॅनलला माझा विरोध नाही. विजेशिवाय रात्री काढलेल्या घरांतली मी आहे. पण गायरान केवढं तरी मोठं, त्याच्या एका टोकाला ही वस्ती, आणि मोजणीला आलेल्यांनी सुरुवात नेमकी त्या टोकापासून केली. त्याच गायरानात गावातल्या एका वजनदार माणसाचं गोडाऊनही होतं. त्याच्याकडे वकील होता, कोर्टाची स्थगिती होती. भिलाटीकडे मतदार ओळखपत्रं होती.

नोटिशीत एकच शब्द मोठ्या अक्षरात होता: अतिक्रमण. सात वर्षांच्या पोरीनं या कागदावरून एक नियम काढला होता. जे सरकारी जागेवर राहतात, त्यांना नोटीस येते. त्या नियमात चूक काय आहे, ते मला सांगता येईना. चूक नियमात नव्हतीच.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांना हे सांगितलं. ते निवृत्तीला आलेले, पोषण आहाराच्या तांदळापासून छताच्या गळतीपर्यंत सगळं एकट्यानं ओढणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मॅडम, पाच ओळी आहेत. पाचच शिकवा. सहावी ओळ आपल्या पगारात नाही.”

“सर, माझ्या विद्यावेतनात पहिलीसुद्धा नाही. तीन महिने आलेलं नाही.”

ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, “त्या पोरीलाच म्हणायला लावा ओळी. पाठांतर चांगलं आहे तिचं. भिलाटीतलं कोणी पुढे येत नाही कधी.”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझ्या रागाला माणूस लागतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा सापडतो.

मी पत्रकांवर वाढले. वडील धुळ्यात एका छापखान्यात यंत्रावर होते. दिवसा लग्नपत्रिका छापायचे आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. पाण्याचं पत्रक, दवाखान्याचं पत्रक, बुद्धविहाराच्या जागेचं पत्रक, सफाई कामगारांचं पत्रक. उरलेल्या प्रती घरात फळीवर अंथरल्या जायच्या, डब्यांखाली, चपलांखाली. मी अक्षरं तिथेच शिकले. ‘आई’ वाचायच्या आधी मी ‘जाहीर’ वाचलं. पत्रकात ‘कदाचित’ नसतं. पत्रकात ‘मला वाटते’ नसतं. पत्रकाची शेवटची ओळ आज्ञा असते: या, जागे व्हा, जाब विचारा. घरी भाजी आणायला सांगतानाही वडिलांचा सूर तोच. म्हणून शाळेतल्या त्या पाच ओळी वाचताना माझे दात शिवशिवत. त्यातही शेवटची. ते आपल्या सर्वांचे आहे. लहान मुलांना ‘सर्वांचे’ हा शब्द शिकवताना आपण काय करतो, याचा विचार शिकवणाऱ्यांनी कधी केला आहे का? मूल ‘माझं’ शिकतं, ‘तुझं’ शिकतं, कारण त्यावरून त्यानं मार खाल्लेला असतो. ‘सर्वांचं’ ते ऐकून घेतं. ज्या मुलाला शाळेच्या नळावर पाणी भरताना ‘मांघे सरक’ म्हटलं जातं, त्यालाही आपण हे म्हणायला लावतो, आणि आवाज खणखणीत हवा असं सांगतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भिलाटीत गेले. मुलगी पुढे, मी मागे. वस्ती म्हणजे मातीच्या भिंती, पत्रे, काही ठिकाणी पळाट्यांचे कूड, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या बांधून केलेल्या भिंती. तिचं घर टोकाचं. आबा, म्हणजे तिचा आजोबा, दारात बसून दोरी वळत होता. आई कापूस वेचायला गेलेली. बाप सुरतेकडे कामाला, सणावारी येणारा.

“या बाई, बठा,” आबा म्हणाला. “पोर सांगस, दिल्लीमा राष्ट्रपतीबी सरकारी जागावर राहतस. खरं शे का?”

“खरं आहे, आबा.”

“कितला वरीस राहतस?”

“पाच वर्षं. मग दुसरं कोणी येतं.”

दोरीचा पीळ त्यानं पायाच्या अंगठ्यात अडकवला. “मना बापना जलम आठेच व्हयना. मना आठेच. मना पोऱ्याना आठेच. पाच वरीसवाला पक्का, अन् आम्हीन कच्चा. भारी हिसाब शे.” तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला, खोकला, आणि मग त्यानं नातीकडे हात केला. “अन् हाई येडी, कालदिन मायले म्हने, त्यासलेबी सांगी या, पत्रा उतारी ल्या म्हना.”

मुलगी आत पळाली.

आबानं मग विचारलं, “तठे आधी कोन राहे?”

हे मला ठाऊक होतं. वडिलांच्या एका जुन्या पत्रकात होतं, आणि नंतर मी स्वतःही वाचलं होतं. तिथे टेकडी होती, आसपास गावं होती, शेती होती. इंग्रजांना नवी राजधानी बांधायची होती. त्यांनी जमीन घेतली, लोकांना उठवलं, आणि त्या टेकडीवर आपल्या लाटसाहेबासाठी हे घर बांधलं. इंग्रज गेले, घर आपल्याकडे आलं. मी आबाला एवढं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला होता, तो चढतो.

आबानं शांतपणे ऐकलं. “मंग त्या कोठे ग्यात?”

“कोण?”

“आधीना.”

मला माहीत नव्हतं. मी वाचलेल्या कशातही ते नव्हतं. उठवलं, इथवर सगळे लिहितात.

संध्याकाळी आई परतली. हाताची बोटं कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली, डोक्यावर सरपणाची मोळी. तिला मी म्हणाले, की पत्रक काढू. तुमच्या पोरीचा प्रश्नच वर टाकू, मोठ्या अक्षरात: राष्ट्रपतींना नोटीस आली का? खाली वस्तीची सगळी हकीकत. बाजाराच्या दिवशी वाटू. लोक वाचतील, हसतील, मग विचार करतील. माझ्या डोक्यात ते पत्रक तयारच झालं होतं. मथळ्याचा टाईपसुद्धा ठरला होता.

तिनं मोळी उतरवली. “पोरनं नाव येई का?”

“नाही. ‘दुसरीतली एक मुलगी’ एवढंच.”

“भिलाटीनी दुसरीमा कितल्या पोरी शेत, मॅडम?”

एकच होती.

“तुम्हना लोके कागद वाचतस अन् हसतस. मंग त्या सोधाले येतस, बोलनं कोन. तुम्ही धुळाले चालना जाशात.” ती रागानं बोलत नव्हती. “लिखा. पन पोरनी गोठ नका लिखू. ती पोर शे. तिनं इचारं, व्हई गयं.”

मी वाद घातला. घातला म्हणजे अगदी घातला. वडिलांचे सगळे मुद्दे वापरले. गप्प राहून कोणाचं घर वाचलं आहे, हा प्रश्न केला. ती म्हणाली, “बोलीसनबी कोनं वाचनं?” आणि चुलीकडे वळली. शेवटी मी कबूल केलं. पोरीचा प्रश्न गेला, आणि त्याबरोबर पत्रकाचा जीव गेला. उरली ती जुनी हकीकत, मतदार यादीतली नावं किती जुनी आहेत ते, कायद्यातल्या तरतुदी, आणि पर्यायी जागा दिल्याशिवाय घरं पाडू नका ही मागणी.

वडिलांनी कच्चा मजकूर हातात घेतला, पेन्सिल कानामागून काढली. “मागणी कुठाय?”

“खाली आहे की. घरं पाडू नका.”

“‘नका’ ही विनंती झाली.” त्यांनी खाडाखोड केली. मग म्हणाले, “मथळा मेलेला आहे. तुझा नाही वाटत.”

“माझा होता तो देता येत नाही.”

त्यांनी कारण विचारलं नाही. इतकी वर्षं पत्रकं काढलेल्या माणसाला असे मथळे माहीत असावेत.

बाजाराच्या दिवशी आम्ही वाटप केलं. मी, वस्तीतली दोन मुलं आणि वडिलांचा एक जुना सोबती. लोकांनी घेतलं. काहींनी वाचलं. एका भाजीवाल्या अक्कानं विचारलं, “दुसरा कलर भेटी का? निळा दे, मिरच्या दिसतीस,” आणि पिवळंच घेऊन त्यावर मिरच्या मांडल्या. वाईट वाटायचं कारण नाही. पत्रकं नेहमी दोन कामं करतात.

त्यानंतर आम्ही तालुक्याच्या कार्यालयात गेलो. आबा, पोरीची आई, वस्तीतले आणखी काही आणि मी. साहेब तरुण होते, माझ्यापेक्षा फार मोठे नसतील. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. खुर्च्या दोनच होत्या, म्हणून कोणी बसलं नाही.

“पत्रक वाचलं,” ते मला म्हणाले. “भाषा चांगली आहे. शुद्धलेखन तर फारच. पण मॅडम, जागा सरकारी आहे.”

“राष्ट्रपती भवनाची पण आहे.”

हे माझ्या तोंडून गेलं. पोरीचं होतं ते, आणि द्यायचं नाही असं ठरलं होतं. पण साहेबांना ते माझंच वाटलं. ते मनापासून हसले, शिपायाकडे पाहून हसले. “चांगलं बोलता. पण तिथे सरकार राहतं ना. इथे तुम्ही राहता.”

आबानं मला हळूच विचारलं, “काय म्हने?”

“काही नाही,” मी म्हणाले.

निघताना साहेबांनी सहज विचारावं तसं विचारलं, “तुम्ही शाळेत आहात ना? कोणत्या?”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक माझी वाट पाहत फाटकात उभे होते. “फोन आला होता.”

“काय म्हणाले?”

“विचारत होते, प्रजासत्ताक दिनाची तयारी कशी चालली आहे.” ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. “मी म्हणालो, छान चालली आहे. छानच करू या, मॅडम.”

तयारी छान केली. मी ती पाच ओळींची तालीम घेत राहिले, आणि यात मी ढोंग करत होते असं मला वाटत नाही. पोरीला बोलायला आवडू लागलं होतं. ती पुढे यायची, पाय जुळवायची, मान वर करायची. ‘राष्ट्रपती’ हा शब्द तिच्या तोंडात आधी ‘राष्टपती’ व्हायचा. मग बरोबर यायला लागला आणि त्या दिवशी ती सतरंजीभर नाचली. तिला पुढे येऊन बोलता यावं, हे मला पाहिजे होतं. काय बोलायचं, त्याबद्दल मी नंतर भांडले असते.

सव्वीस जानेवारीला पटांगणात रांगोळी, कागदी पताका. खुर्च्यांवर सरपंच, तलाठी, गावातली मोठी मंडळी. गोडाऊनवाल्याची खुर्ची मधोमध. मागे उभ्या बायका, त्यांच्याही मागे, कुंपणाला टेकून, भिलाटीतले लोक. झेंडावंदन झालं, कवायत झाली. मोर झाला, वाघ झाला, वाघाला टाळ्या पडल्या. मग ती आली. आईनं तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. चित्र एका मोठ्या मुलानं हातात धरलं होतं.

“राष्ट्रपती भवन दिल्लीत आहे.” आवाज स्वच्छ. “तेथे आपले राष्ट्रपती राहतात. त्यात तीनशे चाळीस खोल्या आहेत. ते आपल्या देशाची शान आहे.”

आणि थांबली.

विसरली असं सगळ्यांना वाटलं. मुख्याध्यापकांनी बाजूनं ओठ हलवले, “ते आपल्या...” तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे पाहिलं, तलाठ्याकडे. मग तोंड घट्ट मिटून घेतलं. खालचा ओठ आत ओढला, दातांखाली धरला. कोणीतरी म्हणालं, “म्हन व माय, म्हन!” हसू पिकलं. ती चित्र धरलेल्या मुलाच्या पुढे सरकली आणि दोन्ही हात मागे करून तशीच उभी राहिली, चित्र झाकून. तलाठ्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, दयेनं, आणि सगळ्यांनी वाजवल्या.

मी तिला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. “काय गं, रोज तर म्हणतेस. विसरलीस?”

“नही.”

“मग?”

ती टाकीच्या नळाशी खेळत राहिली. मी थांबले. “मॅडम, सर्वांचं म्हंजे सरकारी ना?”

“हो... एका अर्थी.”

“खुर्चीवर तलाठी बठेल व्हतात.” तिनं नळ बंद केला. “त्यासना समोर सांगं असतं ते त्या लगेच नोटीस देतात.”

तिनं दिल्लीतलं ते घर वाचवलं होतं. सगळ्या गावासमोर हसं करून घेऊन वाचवलं होतं. ज्याला कसलीही भीती नाही, ज्याच्या फाटकावर घोडेस्वार उभे असतात, त्या घरासाठी ती ओठ चावून उभी राहिली होती, कारण सरकारी जागेवर राहणाऱ्यांवर काय येतं ते तिला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कोणावर ते येऊ नये असं तिला वाटत होतं. त्या पटांगणात देशाबद्दल एवढं प्रेम आणखी कोणाला होतं, हे मला आजही कोणी सांगावं. खुर्च्यांवरच्यांना जिलेबी वाटली जात होती.

 

फेब्रुवारीत तारीख आली. जेसीबी मशीन येणार हे आदल्या सकाळी कळलं, आणि त्या दिवशी वस्तीतलं एकही मूल शाळेत आलं नाही. मी दुपारी गेले तेव्हा भिलाटी स्वतःच स्वतःला उतरवत होती. मशीन आली की पत्रे चेचले जातात, वासे मोडतात. मग दुसरीकडे उभं करायला काही उरत नाही. म्हणून लोक आपल्या हातानं आपलं घर उतरवून घेतात. एकेक पत्रा, एकेक खिळा. खिळे मुलं दगडावर ठोकून सरळ करत होती आणि डब्यात टाकत होती. कोणी रडत नव्हतं. कामाला वेळ कमी होता. आबा वर चढलेला, पोरीची आई खालून पत्रा झेलत होती. मुलगी भांडी एका गोधडीत बांधत होती. तिनं मला पाहिलं, आणि गाठ मारता येत नव्हती म्हणून फक्त एक टोक माझ्याकडे धरलं. मी ती गाठ मारली. त्या दिवशी मी केलेलं काम एवढंच.

दुसऱ्या दिवशी मशीन आली तेव्हा तिला पाडायला मातीच्या भिंती आणि चुली तेवढ्या उरल्या होत्या. अर्ध्या दिवसात झालं. गोडाऊनला बाजूनं वळसा घालून मशीन परत गेली. बातमी आली, छोटीशी, आतल्या पानावर: ग्रामस्थांनी अतिक्रमण स्वतःहून काढून घेतले, प्रशासनास सहकार्य.

स्वतःहून. मी शब्दांमध्ये वाढले आहे, शब्द कसे वापरतात ते मला कळतं. आमच्या पत्रकात कितीही आग असली तरी असा एक शब्द आम्हाला कधी सुचला नाही. याला लेखणी लागत नाही, खुर्ची लागते. वडिलांनी ते कात्रण वाचलं, घडी केली आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, की आज काही लिहू नकोस.

वस्ती विखुरली. काही कुटुंबं गुजरातकडे गेली, काही नातेवाइकांच्या वावरात. पोरीचं घर गावापासून बरंच लांब, पाटाच्या काठाला गेलं असं कळलं. माझी मुदत संपत आली होती. एका रविवारी मी धुळ्याहून बस धरून गेले, फाट्यावर उतरून पाटाच्या कडेकडेनं चालत राहिले. पाट कोरडा होता. काठावर बाभळी, आणि दोन बाभळींच्या मध्ये एका दोरीवर ताडपत्री. पत्रे बाजूला रचलेले. मुलगी पाटाच्या तळाशी वाळक्या चिखलाचे पोपडे काढून एकावर एक मांडत होती. मला पाहून उभी राहिली, पण वर आली नाही.

“शाळा?” मी तिच्या आईला विचारलं.

“लांब पडस, मॅडम. डांबरी रस्ता वलांडना पडस. ट्रका. एकटीले कसं धाडू?” मग थोड्या वेळानं, “म्हनत राहस त्या शाळान्या वळी. वावरमा पाखरं हाकलता हाकलता म्हनत राहस.”

“पाचवी पण?”

“माले नही मालूम कितल्या शेत.”

आबा कुदळ घेऊन जागा पाहत होता. दोन पावलं इकडे, दोन तिकडे. टाचेनं माती दाबून बघायचा. मी त्याच्याजवळ गेले. काय बोलायचं ते मी बसमध्ये ठरवलं होतं. अर्ज कुठे करायचा, कोणत्या वकिलाला भेटायचं, वडिलांचा सोबती कोणाला ओळखतो. त्यानं ते ऐकून घेतलं. कुदळ टेकवली.

“बाई, एक सांगा. हाई जागाबी सरकारीच शे ना?”

“हो, आबा.”

“कोनता खातानी?”

“कशाला?”

“म्हंजे नोटीस कोना कडथून ई, ते समजी.”

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. गावातल्या तलाठ्याचा चेहरा त्याला माहीत होता, इथला कोणाचा असेल ते माहीत नव्हतं. मी पाटाकडे पाहिलं, काठावरच्या पांढऱ्या दगडाकडे, त्यावर रंगवलेल्या अक्षरांकडे.

“पाटबंधारे,” मी म्हणाले.

“पाटबंधारे,” तो म्हणाला, शब्द नीट बसवून. मग त्यानं धोतर वर खोचलं आणि पहिल्या मेढीसाठी खड्डा खणायला घेतला.